शेजारच्या आजींचा वाडगा

मैत्रिणींनो, शेजारणीनं प्रेमानं आणलेला पदार्थ आपल्याला चालणारा नसला, तर तुम्ही काय करता? मी काय केलं ते सांगते. तुम्ही मात्र तसं करू नका.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही टोकियोत, निशी-कासाईला राहतो. आठवड्यातून दोन दिवस मी मुलांना गणित शिकवते. थोरल्याच्या हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजी झाकणाचा वाडगा घेऊन आल्या. म्हणाल्या, "कात्सुदोन!"

यातला 'दोन' म्हणजे आपला आकडा नव्हे हं! 'दोंबुरी' म्हणजे खोलगट वाडगा, त्याचा हा 'दोन'. 'कात्सु' हा कटलेटचा जपानी अवतार. पण त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'जिंकणं'. म्हणून परीक्षेआधी मुलांना हा भात खाऊ घालतात. डुकराच्या मांसाचा जाड काप पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, कांदा घातलेल्या सोया सॉसच्या गोडसर रश्श्यात ठेवून वर फेटलेलं अंडं सोडायचं, आणि ते अर्धवट थिजलं की सगळं गरम भातावर अलगद उतरवायचं.

आमची मजल अंड्यापर्यंतच. मी हसून वाडगा घेतला, दार लावलं आणि सगळं कचऱ्यात टाकलं. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यात बेसनाचे चार लाडू घातले आणि "फार छान झालं होतं" असं सांगून आले. मुलगा शेजारीच उभा होता. सकाळी मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली होती. तो काही बोलला नाही, पण रात्री मला जेवण गेलं नाही.

निकाल लागला, मुलगा पास झाला. आजी धावत आल्या. "माझं कात्सुदोन पावलं!" मला राहवेना. मोडक्यातोडक्या जपानीत खरं ते सांगून टाकलं.

आजी जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "भातसुद्धा टाकलास?"

मान खाली गेली. त्यांनीच मग समजूत घातली. त्यांचे पूर्वजही कित्येक शतकं चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य मानत. 1872 साली मेइजी सम्राटांनी गोमांस खाल्लं, ती केवढी मोठी बातमी झाली होती! "आधी सांगायचंस ना," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्याच स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी टोफूचं कात्सुदोन केलं. एरवी रस्सा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात होतो. आम्ही कोंबु नावाचं समुद्री शेवाळ आणि सुके मशरूम भिजवून घेतले. धाकटीच्या परीक्षेला हेच करणार आहे, दही-साखरेच्या जोडीला.

तेव्हा बायांनो, चालत नसेल तर दारातच हात जोडून सांगा. समोरच्याला जरा वाईट वाटेल, पण भात तरी वाया जाणार नाही.