उबेतून पडणारा बर्फ

नवऱ्याला न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा वाईतल्या आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहिल्या. आम्ही पोचलो ऑस्वीगो काउंटीत. न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने पाचेक तास दूर, ऑन्टॅरिओ सरोवराच्या आग्नेय काठावर. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. या जिल्ह्यात सफरचंदाच्या बागा आहेत, कांद्याची काळीभोर शेतं आहेत, जुनं बंदर आहे, अणुवीज केंद्र आहे आणि बर्फ आहे. पूर्वेकडच्या टग हिल पठारावर तर एका हिवाळ्यात दोनशे इंचांच्या वर बर्फ पडणं नेहमीचंच. इथे बर्फ इंचांतच मोजतात, म्हणून मीही इंचच ठेवते.

सासूबाईंचा फोनवरचा ठरलेला प्रश्न, "थंडी सोसवते का गं?" थंडी असते, पण बर्फाचे आकडे ऐकून वाटावी तेवढी नसते. जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंश. मिनियापोलिस याहून कितीतरी गारठलेलं, पण तिथे वर्षाचा बर्फ आमच्या निम्म्यालाही पोचत नाही. मग आमच्याकडेच एवढा कुठून येतो?

उत्तर मला शेजारच्या बाईंनी दिलं. निवृत्त शाळामास्तरीण, सगळा जन्म याच काउंटीत गेलेला. नोव्हेंबरातल्या एका कडक सकाळी त्या मला काठावर घेऊन गेल्या. सरोवरावरून चक्क वाफा निघत होत्या. "पाणी अजून उन्हाळ्यातच आहे, हवा मात्र कॅनडातून निघून आली," त्या म्हणाल्या. सगळं गणित त्या एका वाक्यात होतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी सावकाश निवतं. त्यावरून उत्तर ध्रुवाकडची कोरडी, बोचरी हवा वाहू लागली की ती खालून तापते, ओलावा उचलते आणि उसळी घेते. पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत तेरा अंशांचा फरक पडला की हवामान खात्याची माणसं सावध होतात. ढग बनतात आणि काठ ओलांडला की रिकामे होतात. यालाच इथे लेक-इफेक्ट म्हणतात. बर्फ पडायला गारठा लागतोच, पण ढीग घालते ती पाण्याची ऊब.

शेजारचं ईरी सरोवर उथळ, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. भर हिवाळ्यात ते बरंचसं गोठतं, आणि वर बर्फाचं झाकण बसलं की त्याचा कारखाना मंदावतो. ऑन्टॅरिओची सरासरी खोली 86 मीटर, सर्वांत खोल जागी 244. ते सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे आमचा कारखाना मार्चपर्यंत चालू. शिवाय सरोवर पूर्व-पश्चिम तीनशे किलोमीटर लांब. वारा नेमका पश्चिमेकडून आला तर त्याला ही सगळी लांबी पाण्यावरून मिळते, आणि पुढ्यात टग हिल उभं असतं. हे ऐकताना मला आमचा घाट आठवला. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर चढतो, महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलीमीटर ओततो आणि तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत भागवतो. टग हिल हे आमचं महाबळेश्वर!

हा बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. वाऱ्याच्या दिशेत एक लांबलचक पट्टा तयार होतो, रुंदी कधी दहा-पंधरा किलोमीटरच. किराणा आणायला आम्ही सिराक्यूजला जातो. परतताना फुल्टनपर्यंत लख्ख ऊन आणि पुढे रस्त्यावर राखाडी भिंत, असं अनेकदा होतं. भिंतीत शिरलं की गाडीचं नाक दिसत नाही. तासाला तीन-चार इंच बर्फ, मध्येच वीज आणि मेघगर्जना. वारा जरा दक्षिणेचा झाला की पट्टा उत्तरेला सरकतो आणि आपल्या अंगणात चांदणं पडतं. म्हणून इथे कुणी "उद्या किती पडेल" असं नुसतं विचारत नाही. "पट्टा कुठे बसणार" असं विचारतात.

बाईंच्या परसात पांढरी रंगवलेली एक फळी आहे. तिच्यावर साठलेला बर्फ पट्टीने मोजायचा, फळी झाडायची, वहीत लिहायचं. त्यांचं पाहून मीही एक फळी मांडली. यातही शिस्त आहे. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, स्वतःच्या भाराने दबत जातो. दर तासाला मोजून बेरीज केली तर आकडा उगाच फुगतो, म्हणून सहा तासांच्या आत फळी झाडायची नाही. जानेवारी 1997 मध्ये शेजारच्या लुइस काउंटीतल्या माँटेग्यूला चोवीस तासांत 77 इंच मोजले गेले. तो राष्ट्रीय विक्रम ठरला असता, पण मोजणी नियमापेक्षा जास्त वेळा झाली म्हणून विक्रम तपासणाऱ्या समितीने तो मानला नाही. बाईंना अजून त्याची हळहळ वाटते, आणि निर्णय योग्यच होता हेही त्या लगेच सांगतात.

त्यांच्या लहानपणीचं वादळ जानेवारी 1966 च्या अखेरचं. पाचेक दिवसांत ऑस्वीगोत 102 इंच पडले. फेब्रुवारी 2007 मध्ये रेडफिल्ड या टग हिलवरच्या गावाने दहा-बारा दिवसांत 141 इंच झेलले. असं काही येणार असेल तर बाई आदल्या संध्याकाळी दारात हजर. "दूध आणून ठेवलंस? गॅरेजचं दार उघडतंय ना? धुराड्याचं तोंड मोकळं आहे ना?" घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारं भिंतीतलं नळकांडं बर्फाने बुजलं तर विषारी वायू घरात साठतो, हे मला त्यांनीच शिकवलं. ऑक्टोबरात आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या नळांवर उंच दांडे लागतात, अंगणाच्या कडेने काठ्या रोवल्या जातात. पुढे फेब्रुवारीत रस्ता कुठे संपतो हे बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीच्या चालकाला त्या काठ्यांवरूनच कळतं.

एवढं असून लोक इथे बागा का करतात, हा प्रश्न मला मे महिन्यात सुटला. वसंतात हेच पाणी उशिरा तापतं आणि काठ गार ठेवतं. सफरचंदाची झाडं फुलायची घाई करत नाहीत, त्यामुळे उशिराचं दहिवर मोहोर जाळून जात नाही. ऑक्टोबरात उलट, पाणी कोमट आणि पहिलं दहिवर लांबलेलं. हिवाळ्यात जे सरोवर आम्हाला फावडं हातात धरायला लावतं, तेच सप्टेंबरात टोपल्या भरतं.

जग तापतंय तर बर्फ कमी होईल, असं वाईचे नातेवाईक म्हणतात. सरोवराला हा हिशेब लागू नाही. विसाव्या शतकात या काठांवरचा लेक-इफेक्ट बर्फ वाढत गेल्याचं संशोधकांना आढळलं आहे. पाणी जितकं ऊबदार, तितका ढगांना पुरवठा जास्त. हवाच गोठणबिंदूच्या वर राहू लागली, तर मात्र त्या ओलाव्याचा पाऊस होईल.

हिवाळ्यात इकडे यायचं कुणी काढलं, की ते आधी स्वेटर किती आणायचे हे विचारतात. मी सांगते, दोन आणा, पण निघायच्या आधी तापमानाऐवजी वारा बघा. पश्चिमेचा असेल तर विमानतळावरून घरी पोचायला एक जादा दिवस हाताशी ठेवा. दक्षिणेचा असेल तर खुशाल या.