काम तिनची वेस

हाँगकाँगमध्ये घराला दारं दोन. आतलं लाकडी, बाहेरचं लोखंडी, 'थित जाप'. "एवढी भीती कसली?" मी यजमानांना विचारलं. "जुनीच आहे. काम तिनला जाऊन बघा," ते म्हणाले. व्हिक्टोरिया शिखर आणि बंदराची रोषणाई मी उरकली होती. उतरलो होतो ती खोली अशी, की बॅग उघडायची तर पलंगावर चढायचं. निघालोच.

काम तिनमधलं कात हिंग वाय हे तांग घराण्याचं गाव. वस्ती पंधराव्या शतकातली, तट मात्र कांगशी बादशहाच्या काळातला. बंडखोरांची रसद तोडायला छिंग दरबाराने 1662 मध्ये इथली किनारपट्टी सक्तीने रिकामी केली. 1669 नंतर लोक परतले, तर चाचे-दरोडेखोर मोकाट. मग निळसर विटांचा तट उठला. चार कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक आणि वेस एकच. वेशीतून निघालेली गल्ली थेट देवळाला भिडते. आता आत तीनमजली काँक्रीट. काळ्या झालरीच्या टोप्या घातलेल्या आजीबाई फोटोचे पैसे घेतात. दिले.

मी रेंगाळलो तो वेशीच्या दारापाशी. लोखंडी कड्यांत कड्या गुंफलेलं दार. 1898 मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतला. एप्रिल 1899 मध्ये ताबा घ्यायला आले, तेव्हा गावं लढली. ब्रिटिशांकडून लढणाऱ्या हाँगकाँग रेजिमेंटचे शिपाई हिंदुस्थानात भरती झालेले, हे वाचून मी जरा ओशाळलो. लढाई संपल्यावर दारं गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्याबरोबर आयर्लंडला गेली.

इतिहासकार पॅट्रिक हेज सहा दिवसांच्या या लढाईला युद्ध म्हणतात आणि सुमारे 500 चिनी मेले असा अंदाज करतात. आकड्यावर वाद घालता येईल, 'युद्ध' या शब्दावर नाही. किरकोळ दंग्याची आठवण म्हणून कुणी गावाची वेस उचलून नेत नाही.

गावाने मागणी लावून धरली आणि 1925 मध्ये दार परत आलं. पण त्याच्या दोन झडपा एका जोडीच्या नाहीत. एक शेजारच्या ताई होंग वायची, असं सांगतात. तसं असेल, तर नेली दोन गावांची आणि परत मिळाली एकालाच. हेज भेटले, तर मेलेल्यांच्या आकड्याआधी मी त्यांना हा हिशेब विचारीन.