भुकेलं पान

घटपर्णीचं पान सुरुवातीला चारचौघांसारखंच असतं. लांबट, हिरवं, मधोमध शीर. पण ही शीर पानाच्या टोकाशी थांबत नाही. ती तशीच पुढे वाढते, जवळच्या फांदीला वेढा घेते, मग तिचं टोक वर वळतं आणि फुगायला लागतं. झाकण अजून घट्ट मिटलेलं असतानाच आत द्रव साठतो. तो पावसाचा नव्हे, झाडाचा स्वतःचा. झाकण उघडतं तेव्हा तिथे घट तयार असतो.

घटाच्या ओठावर बारीक कंगोरे असतात आणि त्यांच्या कडेला मध पाझरतो. ओठ कोरडा असताना मुंगी त्यावरून निर्धास्त फिरते, मध चाटते, घरी जाऊन वर्दी देते. ती साऱ्या गोतावळ्याला घेऊन परतेपर्यंत सर आलेली असते किंवा दव पडलेलं असतं. कंगोऱ्यांवर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि त्यावर कुणाचाच पाय ठरत नाही. पहिलीला सोडलं म्हणून पुढच्या दहा मिळतात. पानाला डोकं नसतं हे ठाऊक असूनही मी इथे दर वेळी थबकतो.

घटपर्णी वाढते त्या गर्द रानात ही भूक का, असा प्रश्न पडतोच. हिरवाई दिसते भरघोस, पण सततच्या पावसाने मातीतलं नत्र आणि स्फुरद धुऊन जातं. आपल्या कासच्या पठारावरही जांभ्यावरच्या हातभरसुद्धा नसलेल्या मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपटी याच गरजेपोटी किडे धरतात. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर तर मातीत निकेलसारखे धातू उतरलेले. ब्रिटिश अधिकारी ह्यू लो यांना तिथे 1858 मध्ये सर्वांत थोराड घटपर्णी आढळली. पुढच्या वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी सारावाकचे राजा जेम्स ब्रूक यांच्यावरून तिचं नाव ठेवलं नेपेंथिस राजा. तिच्या एका घटात दोन लिटरहून अधिक द्रव मावतो, आणि त्यात बुडालेले उंदीर सापडल्याच्या नोंदी आहेत. लोकांना तेवढंच आठवतं. मला तिची थोरवी वेगळ्याच गोष्टीत वाटते.

तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गोड स्राव असतो. खारीएवढा, टोकदार नाकाचा ट्री-श्रू तो चाटायला येतो. झाकण आणि घटाचा ओठ यांतलं अंतर या प्राण्याच्या लांबीशी असं जुळलेलं, की चाटायचं तर ओठावर पाय फाकवून बसावंच लागतं. तो चाटतो, बसल्या बसल्या लेंडी टाकतो, ती नेमकी घटात पडते आणि पाहुणा सुखरूप निघून जातो. त्याच पर्वतावरच्या नेपेंथिस लोवाय या जातीने तर वरच्या घटांचा ओठ निसरडा ठेवलेलाच नाही. तिच्या पानांतलं निम्म्याहून अधिक नत्र या लेंड्यांतून येतं, हे 2009 साली तपासून पाहिलं गेलं. कोवळी असताना मात्र जमिनीलगतच्या घटांतून ती किडेच खाते.

बोर्निओतल्याच ब्रुनेईच्या पाणथळ रानातली नेपेंथिस हेमस्लेयाना आणखी पुढे गेली आहे. तिच्या घटात द्रव तळाशीच असतो. वरच्या मोकळ्या जागेत एक चिमुकलं, लोकरी अंगाचं वटवाघूळ दिवसभर झोपतं. अंधाऱ्या दाटीत त्याला नेमका हाच घट कसा सापडतो? घटाची पाठीमागची भिंत अशी खोलगट आहे, की वटवाघळाच्या हाकेचा प्रतिध्वनी ती ठळकपणे परत पाठवते. झाड अक्षरशः ओ देतं! भाडं म्हणून विष्ठा मिळते. पानांतलं सुमारे एक तृतीयांश नत्र तिचंच.

बोर्निओत तेलपामच्या लागवडीसाठी अशा रानांतून चर खणून पाणी काढून देतात. वाळलेली दलदल मग पेट घेते आणि धुमसत राहते. हे वाचताना जीव तुटतो. अशा वेळी वटवाघळाला दुसऱ्या जातीचा घट चालतो, गुंडाळी झालेलं पानही चालतं. हेमस्लेयाना मात्र किडे पकडण्यात कच्ची आहे. मधाचा वास आणि द्रवाची पातळी, दोन्ही तिने कमी करून ठेवली आहेत.