पगारपत्रकातली एक ओळ

आमच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या शब्दांपुढे दरमहा 200 रुपयांची वजावट असते. फेब्रुवारीत ती 300 होते. साहित्य शिकवणाऱ्यांना ओळींमधला अर्थ शोधण्याची सवय. पण ही ओळ आम्ही वर्षानुवर्षे न वाचताच ओलांडली. वि. स. पागे यांनी ध्यास घेतलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात उभी राहिली. तिच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर 1975 साली हा कर बसला. पुढे 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला आणि खेड्यातल्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. 1955 च्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने गाव उठून जाते, कारण त्या माणसांना काम मागायला दारच नव्हते.

अमेरिकेत 1996 च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्यांवर कामाची अट घातली. आपल्याकडे काम ही अट नव्हती, मागणी होती. हा फरक आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तो पुरता उमगला नव्हता, हे आंबेगावात कळले.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळ्यांच्या गावांत, विद्यार्थ्यांसह जाणे झाले. पावसाचे एक भातपीक, रानातला हिरडा, आणि उरलेले महिने पूर्वेची वाट. जुन्नर-आंबेगावच्या या डोंगरपट्ट्यातली माणसे नारायणगावच्या बाजारात मजुरीसाठी उभी राहतात. बागायतदार येतो आणि त्यांतली निवडून नेतो. उरलेल्यांनी तो दिवस कसा काढायचा, हे मजुरीच्या कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

या भागात पडकईची जुनी रीत आहे. चार-सहा घरे मिळून आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढतात. ही कामे रोजगार हमीतून व्हावीत म्हणून ‘शाश्वत’ या संस्थेने पाठपुरावा केला. 2012 साली तिला इक्वेटर पारितोषिकही मिळाले. खडी फोडून केलेला रस्ता दोन पावसांत वाहून जातो, आणि फोडणाऱ्यालाही ते ठाऊक असते. खाचराचे तसे नाही. तिथे मजुरी हाती येते आणि पुढच्या वर्षी भातही येतो. मजुरी रखडली की मात्र खाचरवालाही उसनवारीवरच जगतो, हेही सांगायला हवे.

बांधावर दगड रचणाऱ्या एका आजींना आम्ही विचारले, “सरकारची मदत वेळेवर मिळते का?”

“मदत कसली? मस्टरावर नाव हाय माजं.”

आमच्या विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. प्रश्न खरे तर आमचा होता. ‘लाभार्थी’ हा शब्द आम्ही वर्गात किती सहज वापरत आलो! असो.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “तुमास्नी वर्सात किती दिस काम मिळतं, सर?” 2005 च्या केंद्रीय कायद्यातल्या शंभर दिवसांची त्यांना सवय होती. (2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या जागी नवा कायदा आणून ते 125 केले.) आम्ही म्हणालो, “आम्हांला महिन्याचा पगार असतो.”

“मंग आत्ता, मे महिन्यात?”

“मे महिन्यात सुट्टी असते. पगार चालू असतो.”

आजी मनापासून हसल्या, आणि पुढचा दगड उचलायला त्यांनी आमच्यातल्या एका मुलाला हाक मारली.