आळशी नायक, अर्धवट शेवट

'शामन किंग' पुन्हा बघायला घेतलंय. योहला शामनांचा राजा व्हायचंय कशासाठी, तर पुढं निवांत लोळता यावं म्हणून! असला नायक मला पटतो.

हिरोयुकी ताकेईंची मूळ मांगा १९९८ ला सुरू झाली आणि २००४ मध्ये अर्ध्यावरच गुंडाळली गेली. २००१ च्या ॲनिमेनं तर स्वतःचाच शेवट जोडला. ताकेईंनी नंतर पूर्ण केलेला शेवट २०२१ च्या मालिकेत आला खरा, पण ५२ भागांत सगळं कोंबलेलं. श्वास घ्यायला फुरसत नाही.

मला खरी ओढ ॲनाची. योहला पळवून पळवून दमवणारी ही इताको. तिची गुरू, योहची आजी किनो, आंधळी आहे. हा तपशील उगाच नाही: ईशान्य जपानात मृतांना बोलतं करणाऱ्या इताको परंपरेनं अंध बायकाच. ओसोरेझानच्या जत्रेत लोक त्यांच्यापुढं रांगा लावतात. मालिकेतल्या मारामाऱ्या मात्र मी सरळ पुढं पळवते.