पायातले बूट आणि गडावरची पायरी

हौस डोक्यात शिरते, पण तिची किंमत पुष्कळदा पायांना मोजावी लागते. हे मी स्वानुभवाने सांगतो.

मोटारसायकलींवरून रायगडला जायचे, हा माझा आणि दादाचा फार जुना बेत. दादाला खरी ओढ होती ती तिथल्या एका पायरीची. जगदीश्वराच्या देवळाशी, हा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेली पायरी आहे. "एवढा गड उभा केला आणि नाव लिहिले कुठे, तर लोकांच्या पायांखाली! ती पायरी तुला एकदा दाखवायची आहे," असे तो नेहमी म्हणे.

एका डिसेंबरात योग आला. मी खास बूट घेतले. गुडघ्याखालपर्यंत पोचणारे, नडगीवर टणक पट्ट्या असलेले, काळेकुळकुळीत. दुकानातल्या आरशात पाहिले आणि स्वतःवरच खूष झालो. सौ.ने एकच प्रश्न विचारला, "अहो, यांत चालता येईल ना?"

"चालायचे कशाला? फटफटी आहे ना!" मी म्हणालो.

भोर मागे पडले, वरंधा घाट उतरून आम्ही महाडला आलो. तेथून रायगड सुमारे २५ किलोमीटर. तोवर बुटांनी इमाने साथ दिली. पाचाडला जिजाऊंच्या समाधीला नमस्कार केला आणि चित्त दरवाजाची वाट धरली. वर जायला चौदा-पंधराशे पायऱ्या! दोनशे पायऱ्यांतच टाच जळू लागली. तळ लाकडी फळीसारखा. पाय वाकू पाहतो, बूट वाकत नाही. महादरवाजा दिसेपर्यंत दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. मी खाली बसलो तो बसलोच.

दादा साध्या कॅन्व्हासच्या जोड्यांत टुणटुणीत होता. पण मला एकटे टाकून तो वर गेला नाही. "अरे, रायगड काय पळून जातोय?" म्हणाला आणि मला आधार देत खाली घेऊन आला.

रायगड पळून गेला नाही. पुढच्या वर्षी दादाचा गुडघा मात्र गेला. डॉक्टरांनी चढणे बंद केले, मोटारसायकलही बंद केली. तो कधी एका शब्दाने बोलला नाही, पण माझ्या मनात ते बूट चावतच राहिले.

मग मी नव्याने बूट शोधायला निघालो, या वेळी आरशाकडे पाठ करून. दादासारखे कॅन्व्हासचे घ्यावेत, तर गाडी कलंडली की पहिला घोटा सापडतो. म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पण गुडघ्याकडे न जाणारे बूट पाहिले. घोट्याच्या दोन्ही हाडांवर आत टणक वाट्या हव्यात. चवडा आणि टाच कडक हवी. बूट हातात धरून वाकवून पाहावा. बोटांपाशी तो वाकला पाहिजे. ओल्या पंचासारखा पिळता येऊ लागला, तर परत ठेवावा. युरोपच्या ईएन १३६३४ या मानकाचे बूट असतील, तर आत मोटारसायकलस्वाराचे चित्र असते.

खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. प्रवासात घालायचे जाड मोजे बरोबर न्यावेत. मी दुकानाचा जिना चारदा चढलो-उतरलो. चढताना टाच आत उचलली जाता कामा नये, उतरताना अंगठा पुढे आपटता कामा नये. दुकानदार म्हणाला, "साहेब, बूट घेताय की जिना?" तरी बाहेर उभ्या गाडीवर बसून डावा पाय गिअरखाली सहज जातो का, तेही पाहिलेच. नाडीची टोके आत खोचता आली पाहिजेत; ती गाडीत अडकली, तर सिग्नलला पाय टेकता येत नाही.

पाणी आत न येऊ देणारे बूट पावसाळ्यात बरे, पण उन्हात पाय उकडून काढतात. मी साध्या चामड्याचे घेतले. पंधरा दिवस ते घालून घरात फिरलो. सौ.ने फरशीकडे पाहिले, पण बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा निघालो. दादा पुतण्याबरोबर मोटारीने आला आणि १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेने चार-पाच मिनिटांत वर पोचला. मी सगळ्या पायऱ्या चढलो. महादरवाजाशी, मागे जिथे बसलो होतो, तिथे मुद्दाम थांबलो नाही.

होळीच्या माळावर दादा काठी टेकून वाट पाहत होता. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला ती जागा पाहून, बाजारपेठेच्या जोत्यांवर बसत-उठत, आम्ही जगदीश्वरापाशी आलो. दादाने काठीने पायरी दाखवली. मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले.

दादा वाकून आधी माझ्या टाचा पाहू लागला.

"फोड नाही ना रे?"

"नाही."

"मग चल," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने पाऊल उचलले.