जेवणघरातले झेरॉक्स यंत्र

१/ 'झेरॉक्स' म्हटले की सातबारा, गुणपत्रिका आणि दाखल्यांच्या प्रती डोळ्यांपुढे येतात. एका कागदावरून तसाच दुसरा कागद काढणे, हेच त्या यंत्राचे काम. १९६६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका गृहिणीने मात्र त्याच्याकडून निराळेच काम करून घेतले.

२/ २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन यांनी पहिली कोरडी प्रत काढली. तीवर ती तारीख आणि 'अस्टोरिया' एवढाच मजकूर होता. त्या शोधातून 'झेरॉक्स ९१४' हे कार्यालयीन यंत्र अवतरण्यास १९५९ साल उजाडले. त्याचे वजन होते सुमारे २९५ किलो!

३/ बार्बरा टी. स्मिथ या पॅसाडेनाच्या चित्रकर्ती, तीन मुलांच्या आई. शिळाछापाच्या एका नामांकित कार्यशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. तेव्हा त्यांना प्रश्न पडला: शिळाछाप तर मागील शतकाचा; आपल्या काळाचे मुद्रणतंत्र कोणते? उत्तर कार्यालयात होते. त्यांनी ९१४ भाड्याने घेतले आणि थेट घरातल्या जेवणघरात बसविले.

४/ या यंत्रात सेलेनियमचा लेप असलेल्या रुळावर स्थिर विद्युतभार असतो. प्रकाश पडेल तेथील भार नाहीसा होतो. उरलेल्या भागास काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने पक्की होते. काचेला टेकलेली वस्तू स्पष्ट उमटते, जराशी दूर असलेली अंधारात विरते.

५/ स्मिथ यांनी त्या काचेवर मुलांची छायाचित्रे, लेस, झाडांची पाने आणि स्वतःचा देहही ठेवला. प्रतिमेवर प्रतिमा रचीत हजारो कागद निघाले. त्यांतून त्यांनी ग्रंथ बांधले. एका मालिकेस नाव दिले 'कॉफिन', म्हणजे शवपेटिका.

६/ ते दशक सरेपर्यंत त्यांचा संसार मोडला. मुले मोठी झाली. आपल्याकडे 'सत्यप्रत' असा शिक्का मारण्यापूर्वी अधिकारी मूळ कागद मागतो. या प्रतींचे मूळ म्हणजे काचेवर क्षणभर टेकलेला देह आणि एक भरलेले घर. ते आता कोठून दाखवावे?